वाचक विचारतात: फाशांचे खेळ आणि त्यांची अनियतकालिकं

प्रश्न: रोलप्लेइंग (एखादं पात्र होऊन खेळायच्या) खेळांवरचं पहिलं स्वतंत्र मासिक 'ड्रॅगन'च ना? (कोथरूड)

उत्तर: पहिलं नाही, आणि स्वतंत्र तर नाहीच. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ टीएसआर कंपनीने १९७४ साली काढला. १९७५ मध्ये तिचंच 'द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू' हे पत्रक आलं. सात अंकांनंतर, जून १९७६ मध्ये त्याच्या जागी 'द ड्रॅगन' सुरू झालं. दोन्ही घरचीच.

स्वतंत्र म्हणायचं तर ली गोल्ड यांनी जून १९७५ मध्ये लॉस एंजेलिसला सुरू केलेलं 'अलारम्स अँड एक्सकर्शन्स'. याची रीत थेट भिशीची: प्रत्येकाने आपापली पानं घालायची आणि सगळ्यांची पानं एकत्र टाचलेला अंक घ्यायचा. सुरुवातीची छपाई स्टेन्सिलवरची, म्हणजे आपल्याकडच्या सायक्लोस्टाइलसारखी. खरी गंमत शेऱ्यांची. मागच्या अंकात कोणी काय लिहिलं त्यावर पुढच्या अंकात बाकीचे तुटून पडत. मूळ नियमपुस्तिका इतकी मोघम होती की प्रत्येक अड्ड्यावर वेगळेच नियम चालत. ते इथे समोरासमोर आले. मजकूर उंचसखल आहे, पण खेळ घडत कसा गेला हे कंपनीच्या चकचकीत अंकांपेक्षा इथे जास्त कळतं. हा उद्योग जवळजवळ पन्नास वर्षं चालला.

लंडनच्या गेम्स वर्कशॉपचं 'व्हाइट ड्वार्फ' (जून १९७७) दुकानाचंच, तरी आधी इतरांच्या खेळांनाही भरपूर जागा द्यायचं. १९८०च्या दशकाच्या अखेरीस मात्र ते स्वतःच्याच खेळांपुरतं उरलं. गल्ला कोणाचा, हे पाहूनच 'स्वतंत्र' म्हणावं.

प्रश्न: आमच्या गटाने ३२ पानी ए-५ अंक काढला. मुखपृष्ठ घडीवर फुटलं, मधल्या पानांचे आकडे कापले गेले. प्रेसची चूक? (सदाशिव पेठ)

उत्तर: निम्मी तुमची. बाजारातला ए-४ कागद बहुधा लांबीच्या दिशेने ग्रेन (तंतूंचा कल) असलेला असतो. तो ए-५ साठी मधोमध दुमडला की घडी ग्रेनला आडवी जाते. जाड कागदाचे तंतू तुटतात आणि वरचा टोनरही सोलतो. मुखपृष्ठासाठी मोठा शीट घेऊन ग्रेन घडीला समांतर राहील असा कापून घ्या. ओळखायचं कसं? चौकोनी तुकडा दोन्ही दिशांनी दुमडा. सरळ, गुळगुळीत मोडतो ती ग्रेनची दिशा. ३०० जीएसएम (दर चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा कागद) हवाच कशाला? २०० पुरतो, पण आधी क्रीजिंग (घडीच्या जागी दाबून रेघ) करून घ्या.

आकड्यांचं कारण वेगळं. आत ८० जीएसएमचे आठ ए-४ कागद एकात एक बसले की मधला कागद मिलिमीटरभर बाहेर येतो, आणि कटिंगला तोच सर्वांत जास्त कापला जातो. बाहेरच्या कडेपासून दहा मिलिमीटरच्या आत काही ठेवू नका. पूर्ण गठ्ठा छापण्याआधी एक प्रत पिन मारून, कापून बघाच. आणि हो, पानांची संख्या चारच्या पटीत.

प्रश्न: वीस बाजूंचा फासा सगळ्यांकडे नसतो. अंकातले तक्ते (फाशावर पडेल त्या आकड्याची ओळ वाचून पुढे काय भेटतं ते ठरवायचे) साध्या फाशांवर कसे बसवायचे? (सहकारनगर)

उत्तर: दोन फाशांची बेरीज घेऊ नका. सात ३६ पैकी सहा वेळा येतो, दोन एकदाच. तुमचा राक्षस सातव्या ओळीत असला तर पोरं त्यालाच भेटत राहतील. दोन रंगांचे फासे घ्या, लाल दशकाचा, पांढरा एककाचा: ११ ते ६६, सारख्या शक्यतेच्या ३६ नोंदी. एवढ्या सुचत नसतील तर पांढऱ्याचे १-२, ३-४, ५-६ असे तीन गट करा, १८ नोंदींत भागतं. वीसच हव्यात हा हट्ट सोडा.

प्रश्न: 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चे मूळ नियम मराठीत छापता येतील? (हडपसर)

उत्तर: पूर्ण पुस्तकं नाही. पण पाचव्या आवृत्तीच्या नियमांचा संदर्भसंच, एसआरडी ५.१, जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स बाय ४.० (श्रेय देऊन कोणीही वापरावं अशा) परवान्याखाली आहे. त्याचं भाषांतर छापा, विकाही. ठरलेली श्रेयओळ अंकात घाला आणि बदल केल्याचं नोंदवा. खेळाचा लोगो मात्र मुखपृष्ठावर नको.