अमेरिकेच्या २०१० आणि २०२० च्या जनगणनेतल्या मिश्रवंशीयांच्या आकड्यांची तुलना करता येते का? स्वतःचा सर्व्हे करताना काय पाहावं?

थेट तुलना करू नका. २०१० ला ९० लाख, २०२० ला ३ कोटी ३८ लाख. दहा वर्षांत एवढी माणसं वाढली कुठून? २०२० ला वंश लिहायची जागा ३० अक्षरांवरून २०० वर गेली आणि लिहिलेल्या उत्तराला दोनऐवजी सहापर्यंत कोड (म्हणजे वंशगटाचे ठरलेले क्रमांक) मिळू लागले. वाढीचा मोठा भाग तिथून आला, हे जनगणना खात्यानेच सांगितलंय.

हा विषय माझ्या घरातला आहे. नवरा कृष्णवर्णीय अमेरिकन, लेक आम्हा दोघांची. अमेरिकेतच एका सर्व्हेचा डेटा साफ करायला मी होते. साहेबांचा हुकूम: दोन चौकटींत टिक असेल तर 'इतर'मध्ये टाका, कॉलम वाढवू नका. माझ्या पुढ्यातल्या एका फॉर्मवर दोन टिक होत्या, 'इतर'ची चौकट पेनाने खोडलेली होती आणि शेजारी ठळक लिहिलं होतं, 'दोन्ही'. ज्या माणसाने 'इतर' स्वतः खोडलं, त्याला आपण तिथेच कोंबायचं? साहेब म्हणाले, ही माणसं दरवेळी वेगळं सांगतात, यांचा डेटा कच्चाच.

साफ चूक. हॅरिस आणि सिम या संशोधकांनी २००२ मध्ये अमेरिकन किशोरांचा डेटा मांडला: शाळेत ६.८ टक्क्यांनी स्वतःला बहुवंशीय म्हटलं, घरी ३.६ टक्क्यांनी, दोन्हीकडे फक्त १.६ टक्क्यांनी. उत्तर कुठे आणि कोणासमोर दिलं, यावर ते बदलतं. म्हणून तेही नोंदवा. आईवडील आणि आजीआजोबांचा वंश वेगळा विचारा. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकन संशोधन संस्थेच्या २०१५ च्या पाहणीत मिश्र पार्श्वभूमीचे ६१ टक्के प्रौढ स्वतःला बहुवंशीय मानत नव्हते. प्रत्येक टिकला स्वतंत्र कॉलम ठेवा.

ब्रिटनशी तुलना तर आणखी अवघड. तिथे इंग्लंड-वेल्समध्ये २००१ पासून 'मिश्र' गटातल्या तयार पर्यायांतून एक निवडायचा. अमेरिकेत २००० पासून हव्या तितक्या चौकटी. त्यामुळे २०२१ चे इंग्लंड-वेल्सचे २.९ टक्के आणि अमेरिकेचे १०.२ टक्के एका तक्त्यात मांडू नका.

एक मात्र खरं, गट फार लहान असला तर एकेक माणूस ओळखू येतो, तेव्हा छापताना गट एकत्र करावे लागतात. पण ते छापताना, मूळ फाइलमध्ये नाही. साहेबांना मी हे लेखी दिलं, आणि त्या फाइलमध्ये मूळ टिकांचे कॉलम शेवटपर्यंत राहिले.