तिकडचं पुस्तक, इकडचा दवाखाना

प्रश्न : माझा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 24.2 आहे. न्यू जर्सीतला मुलगा फोनवरचा तक्ता बघून म्हणतो, वजन अगदी बरोबर. इथले डॉक्टर म्हणतात, जास्त. खरं कोणाचं? (गृहिणी, पुणे)

डॉक्टरांचं. तक्त्यातली 25 ची रेघ प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांच्या माहितीवरून आखलेली आहे. तेवढ्याच वजनात आपल्या अंगावर स्नायू कमी आणि पोटाभोवती चरबी जास्त असते, त्यामुळे मधुमेहही लवकर गाठतो. म्हणून 2009 मध्ये भारतीय तज्ज्ञांनी 23 ला जास्त वजन आणि 25 ला स्थूलपणा ठरवला. कंबरही मोजा. बायकांची 80 सेंटिमीटरच्या आत हवी, पुरुषांची 90 च्या. आणि गंमत म्हणजे, वजनदार आशियाई वंशाच्या लोकांची मधुमेहासाठी तपासणी 23 पासूनच करा, असं अमेरिकन डायबेटिस असोसिएशनसुद्धा 2015 पासून सांगते आहे. चिरंजीवांना त्यांचाही आकडा विचारा.

प्रश्न : आमच्या 30 खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात मुलांचा अतिदक्षता विभाग नाही. सेप्सिसच्या (जंतुसंसर्गाने अवयव निकामी होऊ लागतात त्या अवस्थेच्या) परदेशी तक्त्यात पहिल्या तासात किलोमागे 40 ते 60 मिली सलाईन द्या असं आहे. तो तसाच भिंतीवर लावू का? (वैद्यकीय अधिकारी)

लावू नका. युगांडा, केनिया आणि टांझानियातल्या 3141 आजारी मुलांवर झालेली 'फीस्ट' चाचणी 2011 मध्ये प्रसिद्ध झाली. ताप आणि रक्ताभिसरण मंदावलेली ही मुलं होती. झपाट्याने सलाईन दिलेल्यांपैकी 48 तासांत 10.5 टक्के दगावली, न दिलेल्यांपैकी 7.3 टक्के. फुफ्फुसात पाणी भरून ती गेली असावीत असं सगळ्यांना वाटलं होतं, पण जादा मृत्यू मुख्यतः रक्ताभिसरण कोसळून झाले होते. मात्र जुलाबांनी सुकलेली मुलं या चाचणीत घेतलीच नव्हती. त्यामुळे गॅस्ट्रोच्या शॉकमधल्या मुलाचं सलाईन या आकड्यांच्या जोरावर अडवू नका.

मुलांच्या सेप्सिसवरच्या 2020 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेनेच ही दोन वाटांची मांडणी केली आहे. अतिदक्षता विभाग असेल तिथे 40 ते 60. तो नसेल आणि रक्तदाबही उतरलेला नसेल, तर झपाट्याने सलाईन देऊ नये. विभाग नाही पण रक्तदाब उतरलेला असेल, तर 40 पर्यंत, तेही हळूहळू वाढवत आणि मुलाकडे बघत. तुमच्या हाती बहुधा पहिल्याच वाटेचा फोटो आला. व्हॉट्सॲपवर तळटिपा येत नाहीत!

स्वतःचा तक्ता करताना मूळ शिफारशीमागची चाचणी कुठल्या रुग्णांवर आणि कसल्या सोयी असताना झाली ते आधी पाहा. रात्रपाळीच्या सिस्टरना सोबत बसवा. दोन वाजता मूल त्यांच्याच हातात असतं. जो आकडा बदलाल त्याच्यापुढे कारण आणि तारीख लिहा. 'आपल्याकडे असंच चालतं' हे कारण धरायचं नाही.

प्रश्न : गरोदर बायका आमच्याकडे उपाशीपोटी येत नाहीत. साखरेची तपासणी कशी करायची? (एएनएम, जव्हार)

जेवून आल्या तरी चालेल. 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्या, दोन तासांनी एकदा रक्त घ्या. 140 किंवा जास्त आलं, तर गरोदरपणातला मधुमेह. पहिल्या भेटीत एकदा आणि 24 ते 28 आठवड्यांत पुन्हा. केंद्र सरकारची हीच पद्धत आहे. उपाशीपोटीच्या तीन नमुन्यांच्या पद्धतीत सापडणाऱ्या काही बायका यात निसटतात, हे खरं. पण पहाटे निघून डोंगर उतरून उपाशी या म्हटलं, तर त्याहून कितीतरी जास्त निसटतील.

प्रश्न : म्हणजे गरिबांना स्वस्तातलं वैद्यक? (शिक्षक, सोलापूर)

कधीकधी तसंच असतं. शरीर वेगळं म्हणून केलेला बदल टिकाऊ, यंत्र नाही म्हणून केलेला तात्पुरता. यंत्र आलं की तो मागे घ्यायचा. पण स्वस्त ते हिणकसच, असंही नाही. नंदुरबारच्या सिकलसेलच्या (तांबड्या पेशींच्या आनुवंशिक आजाराच्या) पट्ट्यात महागडी एचबीए1सी (गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) साखर खोटीच कमी दाखवू शकते, कारण तिथे तांबड्या पेशी लवकर मरतात. तिथे उपाशीपोटीची साधी साखरच जास्त खरं बोलते.