मॉर्मन मिशनवर गेलेली पोरं दिवसभर करतात काय? वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात अमेरिकेतल्या युटाह राज्यातल्या जगण्याबद्दल लिहिताना मॉर्मन मिशनऱ्यांचा, म्हणजे मॉर्मन चर्चतर्फे घर सोडून धर्मप्रचाराला जाणाऱ्या तरुण पोरांचा, नुसता उल्लेख केला होता, त्यावर इतकी पत्रं आली की हा सगळा अंक त्यांनाच दिलाय. मी इथे बरीच वर्षं राहते, शेजारपाजारची पोरं मिशनला जाताना आणि परत येताना बघते. मी त्यांच्या चर्चची नाही, पण ही पोरं मला मनापासून आवडतात हे आधीच सांगून टाकते.

प्रश्न : माझा मुलगा युटाहमध्ये शिकतो. त्याचा रूममेट जेमतेम १९ चा, कॉलेज मध्येच थांबवून दोन वर्षं ब्राझीलला धर्मप्रचाराला चाललाय आणि आईवडील खुश आहेत म्हणे. याला पगार असतो का? जबरदस्तीने पाठवतात का? – एक आई, पुणे

पगार नाही. उलट खर्च स्वतःचा, म्हणजे पोरगा शाळेत असल्यापासून सुट्टीत गवत कापून, हॉटेलात काम करून पैसे साठवतो, उरलेले आईवडील घालतात, आणि घरची परिस्थिती नसेल तर चर्चमधली माणसं हातभार लावतात. मुलं १८ पूर्ण झाली की जाऊ शकतात, २०१२ च्या आधी १९ लागायचे. मुलांचं मिशन २ वर्षांचं, मुलींचं दीड वर्षाचं. कॉलेजचं फार टेन्शन घेऊ नका, युटाहमधल्या कॉलेजांना याची सवय आहे, सीट राखून ठेवतात.

कुठे जायचं ते पोराने ठरवायचं नसतं. आधी बिशपसमोर मुलाखत (त्यांचा बिशप म्हणजे आपल्यासारखाच नोकरी-धंदा करणारा माणूस, चर्चचं काम बिनपगारी करतो), मग डॉक्टर, डेंटिस्ट, सगळे कागद सॉल्ट लेक सिटीला, चर्चच्या मुख्यालयात, आणि काही आठवड्यांनी पत्र येतं. पूर्वी पोस्टाने जाड पाकीट यायचं, आता ऑनलाइन येतं, पण ते एकट्याने कोणी उघडत नाही, आजी-आजोबा, मामा-काका, मित्र सगळे गोळा होतात, लांबचे व्हिडिओ कॉलवर, आणि पोरगा मोठ्याने वाचतो, अमुक देश, अमुक शहर, अमुक भाषा. ब्राझील निघालं तर पोर्तुगीज शिकायची. शेजारच्या राज्यातलं एखादं छोटं गाव निघालं तरी तेवढ्याच आनंदाने जायचं.

जबरदस्ती म्हणाल तर हातात बेडी नसते. पण मुलांवर अपेक्षेचं ओझं असतं, मुलींवर तेवढं नाही. बाप गेलेला, भाऊ गेलेला, वर्गातले निम्मे चाललेले, अशा घरात "मला नाही जायचं" म्हणायला खूप हिंमत लागते. काहीजण म्हणूनच जातात, आणि काहीजण लहानपणापासून याच दिवसाची वाट बघत असतात. तुमच्या मुलाचा रूममेट यातला कोणता ते त्याच्याशी बोलल्यावरच कळेल.

प्रश्न : हे लोक दिवसभर नक्की करतात काय? सारखं दारोदारच फिरतात का? – एक विद्यार्थी, नाशिक

साधारण साडेसहाला उठायचं, अर्धा तास व्यायाम, आंघोळ, नाश्ता, मग आधी एकट्याने आणि नंतर जोडीने अभ्यास, नवीन भाषा असेल तर तिचा वेगळा अभ्यास, दहाच्या सुमारास बाहेर. रात्री नऊ-साडेनऊपर्यंत घरी, दुसऱ्या दिवसाचं प्लॅनिंग, साडेदहाला लाइट बंद. २०१७ पासून देशाप्रमाणे वेळा थोड्या पुढेमागे करायची मुभा आहे, पण गाडा हाच. टीव्ही नाही, पिक्चर नाही, डेटिंग नाही, पोहायलासुद्धा जायचं नाही.

दारोदार फिरणं आता कमी झालंय, बरंचसं काम फोनवर आणि फेसबुकवर चालतं, शिवाय कोणाचं घर हलवायला मदत कर, म्हाताऱ्या माणसाच्या अंगणातला बर्फ उपस, फुकट इंग्रजी शिकव, हेही असतं. आणि नकार असतो. दिवसभर नकार. १८-१९ व्या वर्षी अनोळखी शहरात, मोडक्यातोडक्या परक्या भाषेत, आपल्याला सगळ्यात प्रिय असलेली गोष्ट सांगायला जायचं आणि समोरच्याने दार लावून घ्यायचं, मग पुढच्या दारावर पुन्हा हसऱ्या चेहऱ्याने टकटक. मोठमोठ्या सेल्समनना हे झेपत नाही.

पण परत आलेल्या पोरांना विचारलं की सगळ्यात अवघड काय, तर बरेचजण नकाराचं नाव घेत नाहीत, कंपॅनियनचं घेतात. कंपॅनियन म्हणजे जोडीदार, तो चर्च ठरवून देतं, आणि त्याच्यासोबत चोवीस तास राहायचं, बाथरूम सोडलं तर कायम एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात. तो घोरतो, तो भांडी घासत नाही, तो रडतो, तो फारच शिस्तीचा, काहीही असो, पळून जायला दुसरी खोलीच नाही. आठवड्यातून एकदा दोघांनी समोरासमोर बसून काय खटकतंय ते बोलायचं असा नियमच आहे. साधारण दर सहा आठवड्यांनी बदल्यांची वेळ येते, मग कधी जोडीदार बदलतो तर कधी गाव. मला विचाराल तर दोन वर्षांतलं खरं शिक्षण हेच, लग्नाआधी प्रत्येकाला मिळालं तर बरं होईल इतकं खरं.

आठवड्यातला एक दिवस कपडे धुवायला, किराणा आणायला, केस कापायला, थोडं भटकायला, तोही संध्याकाळपर्यंतच. त्याच दिवशी घरी फोन. २०१९ च्या फेब्रुवारीपर्यंत घरी फोन वर्षातून दोनदाच असायचा, ख्रिसमसला आणि मदर्स डेला, बाकी नुसते ईमेल. आता दर आठवड्याला व्हिडिओ कॉल करता येतो आणि हा नियम बदलला ते फार म्हणजे फार चांगलं झालं.

प्रश्न : पांढरा शर्ट, टाय, छातीवर नावाची काळी पट्टी लावलेली दोन मुलं दारात आली. आत बोलावून चहा ठेवला तर दोघांनी हात जोडून नाही म्हटलं, सासूबाईंना अपमान वाटला. पुन्हा आले तर काय करू? – न्यू जर्सीहून एक वाचक

सासूबाईंना सांगा, चहा त्यांच्याकडे वर्ज्य आहे. १८३३ मधल्या एका शिकवणीवरून त्यांच्यात चहा, कॉफी, दारू, तंबाखू बंद. आपण माळकरी माणसाला मटणाचा आग्रह करत नाही तसंच हे. पाणी द्या, कोकम सरबत द्या, ताक द्या, आणि पोहे समोर ठेवलेत तर एक दाणा उरणार नाही, कारण ही पोरं स्वतःच्या हातचं खाऊन वैतागलेली असतात. एक मात्र लक्षात ठेवा, घरात तुम्ही एकट्या असाल तर ते आत येणार नाहीत, दुसरा मोठा पुरुष माणूस नसेल तर मुलग्यांनी एकट्या बाईच्या घरात बसायचं नाही असा त्यांचा नियम आहे. तेव्हा बाहेरच उभे राहिले तर तोही अपमान नाही.

आणि ऐकायचं नसेल तर सरळ सांगा, "आम्हाला धर्म बदलायचा नाही, पण तुम्ही कुठले, घरी कोण कोण असतं?" आपण भिडेखातर "पुढच्या आठवड्यात या ना" म्हणतो आणि ते खरंच येतात, वहीत लिहून ठेवून, तीन मैल सायकल मारत, आणि मग आपण पडदा ओढून आत गप्प बसतो. असं करू नका हो. स्पष्ट नकाराने त्यांना वाईट वाटत नाही, खोट्या होकाराने वाटतं. आणि नकार दिल्यावर आईची चौकशी केलीत तर त्या पोराचा चेहरा बघा कसा फुलतो.

प्रश्न : हे ख्रिश्चनच का? मग वेगळा ग्रंथ, वेगळं चर्च कशाला? – निवृत्त शिक्षक, सांगली

ते स्वतःला ख्रिश्चनच म्हणवतात, इतर बरीच चर्चेस मानत नाहीत. कारण यांच्या मते देव पिता, येशू आणि पवित्र आत्मा हे तिघं वेगवेगळे आहेत, एकाच देवाची तीन रूपं नाहीत, आणि बायबलसोबत 'बुक ऑफ मॉर्मन'ही धर्मग्रंथ आहे. सुरुवात न्यूयॉर्क राज्यातल्या पालमायराजवळ. १८२० मध्ये जोसेफ स्मिथ हा १४ वर्षांचा शेतकऱ्याचा मुलगा, कोणतं चर्च खरं या गोंधळात, रानात जाऊन प्रार्थनेला बसला आणि त्याला देव आणि येशू दिसले अशी यांची श्रद्धा. १८३० मध्ये ग्रंथ छापला आणि चर्च स्थापन झालं. १८४४ मध्ये इलिनॉयमधल्या कार्थेजच्या तुरुंगात जमावाने स्मिथना गोळ्या घातल्या, १८४७ मध्ये त्यांच्यानंतरचे नेते ब्रिगहॅम यंग लोकांना घेऊन सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचले. बहुपत्नीत्वाबद्दल सगळेच विचारतात, ते सुरुवातीच्या काळात होतं, १८९० मध्ये चर्चने अधिकृतपणे थांबवलं. आणि २०१८ पासून चर्चच सांगतं की आम्हाला मॉर्मन म्हणू नका, पूर्ण नाव (चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स) घ्या, पण लोकांच्या तोंडी जुनंच आहे.

तारखांपेक्षा मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. मिशनवरचा पोरगा तुम्हाला वाद घालून पटवत नाही, तो म्हणतो, वाचा आणि देवालाच विचारा हे खरं का. चौदा वर्षांच्या मुलाने विचारलं आणि उत्तर मिळालं या गोष्टीवरच सगळं उभं आहे, त्यामुळे यालाही स्वतः विचारावं लागतं. घरी असताना आईवडिलांच्या श्रद्धेवर निभावून जातं. तिथे सकाळी उठल्यावर, बाहेर पडताना, जेवताना, झोपताना प्रार्थना, रविवारी पाव आणि पाण्याचा प्रसाद, महिन्याच्या पहिल्या रविवारी अन्नपाणी सोडून दोन वेळचा उपास आणि वाचलेले पैसे गरिबांना, हे सगळं परक्या गावात कोणी बघत नसताना करायचं. काहींची श्रद्धा तिथे पहिल्यांदा स्वतःची होते. काहींना तिथेच कळतं की आपल्याला उत्तर येतच नाहीये, आणि त्याबद्दल बोलायला समोर फक्त तो कंपॅनियन.

प्रश्न : महाराष्ट्रात कधी आले होते का? – वाचक, पुणे कॅम्प

तुमच्याच भागात! ह्यू फिंडले नावाचे स्कॉटिश मिशनरी १८५२ मध्ये मुंबईत उतरले, तिथून पुण्याला गेले आणि छोटी शाखा काढली. पण लष्करी अधिकाऱ्यांचा कडक विरोध, त्यामुळे काही वर्षांत सगळं आटोपलं. आज भारतात त्यांचा जोर दक्षिणेकडे जास्त आहे, देशातलं त्यांचं पहिलं मंदिर बंगळुरूला २०१८ मध्ये जाहीर झालं, २०२० च्या डिसेंबरात भूमिपूजन झालं.

प्रश्न : माझ्या जावयाचा धाकटा भाऊ मिशन अर्धवट सोडून परत आलाय. घरात सगळे गप्प, मुलगी विचारते त्याच्याशी बोलायचं कसं. – एक आई, डोंबिवली

ताई, तुमचं पत्र मी परत परत वाचलं. जाताना सगळं चर्च निरोपाला, विमानतळावर फोटो, आणि वेळेआधी परतला की लोक नजर चुकवतात, वाईट मनाने नाही, काय बोलावं कळत नाही म्हणून. आणि त्या पोराला वाटतं आपण देवाला, आईबापाला, सगळ्यांनाच तोंडघशी पाडलं. कारणं बहुतेक वेळा आजारपण, सततची धास्ती, डिप्रेशन अशी असतात, आणि ती आळस किंवा पाप नाहीत हे त्याला कोणीतरी मोठ्याने सांगायला हवं. घरी राहून, गरिबांच्या धान्य केंद्रात वगैरे काम करून करायचं सेवेचं मिशनही त्यांच्या चर्चमध्ये आहे, बरं वाटल्यावर त्याला हवं असेल तर तो रस्ता आहे, पण ते आत्ता तुमच्या मुलीने सुचवायची गरज नाही.

तिला सांगा, "का आलास" विचारू नको. तिथे काय खायचास, भाषा किती आली, कंपॅनियन कसा होता, कोणी आजी जेवायला बोलवायची का, हे विचार. जेवढे महिने तो राहिला तेवढे त्याने खरेच काढलेत आणि त्याबद्दल त्याला अजून कोणी एक शब्द विचारलेला नसेल. जेवायला बोलवा, त्याच्या आवडीचं करा, नुसता गप्प बसला तर बसू द्या. झोप उडालीये, जेवत नाहीये, जगण्यात अर्थ नाही असं काही बोलतोय असं दिसलं तर मात्र थांबू नका, जावयाला सांगून त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायला लावा. आणि मला पुन्हा लिहा, कसा आहे तो ते कळवा.