एकामागून एक आलेल्या अपयशांमागे काही अर्थ असतो का?

आपण लिहिले आहे की पहिली नोकरी विभागच बंद झाल्यामुळे गेली, दुसरीकडे निवड झाली पण ऑफर लेटर हाती येण्याच्या आदल्या दिवशी ती रद्द झाली, मधल्या काळात वडिलांच्या आजारपणात स्पर्धा परीक्षेची एक संधी हुकली, आणि आता घरची मंडळी यात कसला तरी संकेत पाहतात, तर मित्र ‘सगळे योगायोग’ म्हणून विषय संपवतात. या दोघांत खरे कोणाचे, हा आपला प्रश्न आहे. माझ्या मते दोघेही दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत आहेत. एखादी गोष्ट का घडली, हा एक प्रश्न. ती घडल्यावर तिचे काय करायचे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर बहुतेक वेळा आपल्याशी काडीचा संबंध नसलेल्या ठिकाणी सापडते, आणि दुसऱ्याचे उत्तर घटना घडते त्या दिवशी कुठेच तयार नसते.

पहिल्याविषयी मी अनुभवाने बोलू शकतो. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रंगरसायनांच्या कारखान्यात मी केमिस्ट होतो. ज्यांनी हा पट्टा पूर्वी पाहिला आहे त्यांना आठवेल की दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंत रासायनिक आणि औषधी कारखान्यांची रांगच होती, आणि रात्रपाळी करून परतताना बस कुठवर आली हे डोळे मिटूनही वासावरून सांगता येत असे. पुढे जमिनीचे भाव असे चढले की कारखाना चालवण्यापेक्षा जागा मोकळी करणे मालकांना परवडू लागले, प्रदूषणाचे निकष कडक झाले, काही उत्पादने गुजरातकडे सरकली आणि एकेका फाटकाच्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. तिकडे ठाण्यात वागळे इस्टेटचेही तेच झाले. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे काम जिथून सुरू झाले त्या वसाहतीत आज लेथपेक्षा संगणक जास्त दिसतात.

आमचा कारखाना बंद झाला तेव्हा खात्यातल्या प्रत्येकाने स्वतःपुरते एक कारण शोधून काढले. कोणाला साडेसाती सुरू झाली होती, कोणाला नव्या फ्लॅटचा दरवाजा दक्षिणेला असल्याचे आठवले, आणि एक अतिशय कष्टाळू गृहस्थ वरिष्ठांशी आपले पटत नव्हते म्हणूनच हे झाले, असे बरेच दिवस मानत होते. वरिष्ठांचीही नोकरी त्याच महिन्यात गेली होती. साडेसातीपेक्षा मला हे दुसरे स्पष्टीकरण अधिक घातक वाटते, कारण साडेसाती निदान कधीतरी संपते. ‘माझ्यातच काहीतरी खोट आहे’ या समजुतीला तशी मुदत नसते.

एकामागून एक आघात आले की त्यांत काही सूत्र असणारच, असे मनाला वाटते. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर जर्मनीचे उडते बॉम्ब पडले तेव्हा काही भागांवर पुन्हापुन्हा मारा होतो आहे, अशी लोकांची समजूत झाली होती. आर. डी. क्लार्क या विमागणितज्ञाने १९४६ मध्ये दक्षिण लंडनच्या १४४ चौरस किलोमीटर भागाचे ५७६ सारखे चौकोन पाडून त्यांत पडलेल्या ५३७ बॉम्बची मोजदाद प्रसिद्ध केली. २२९ चौकोनांत एकही बॉम्ब पडलेला नव्हता, ९३ चौकोनांत दोन-दोन पडले होते आणि एका चौकोनात तर सात. कोणीही नेम न धरता बॉम्ब विखुरले गेले असते तर गणिताने जी वाटणी यायला हवी, तिच्याशी ही वाटणी जवळजवळ तंतोतंत जुळली. सात बॉम्ब झेललेल्या त्या चौकोनात राहणाऱ्या माणसाला हे गणित पटले असते का, मला शंका आहे. परंतु आपल्या तीन घटनांकडे पाहताना ते लक्षात ठेवण्यासारखे आहे. विभाग बंद होणे, निवड रद्द होणे आणि वडिलांचे आजारपण यांना जोडणारा दुवा एवढाच आहे की तिन्ही आपल्या वाट्याला आले.

निवड रद्द होण्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण गेली काही वर्षे मी मुलाखत घेणाऱ्यांच्या बाजूला बसतो आहे. उमेदवाराला वाटते की निकाल त्याच्या उत्तरांवर लागला. प्रत्यक्षात मंजूर झालेले पद तिमाहीचे आकडे आल्यावर गोठवले जाते, कोणाची तरी दुसऱ्या शाखेतून बदली करून जागा भरली जाते, ज्या साहेबांनी माणूस मागितला होता तेच राजीनामा देतात. आम्ही एकमताने निवडलेल्या मुलीला मनुष्यबळ विभागाने ‘आपली माहिती आमच्या नोंदीत ठेवली आहे’ अशा छापाचे दोन ओळींचे पत्र पाठवलेले मी पाहिले आहे. त्या पत्रावरून तिने स्वतःबद्दल काय काय निष्कर्ष काढले असतील, याची कल्पना करवत नाही. त्या फायलीत तिच्याविरुद्ध एक अक्षरही नव्हते.

आता दुसरा प्रश्न. आपल्याकडे अशा वेळी थोरांची उदाहरणे देण्याची पद्धत आहे, म्हणून मीही एक देतो, पण जरा वेगळ्या हेतूने. धोंडो केशव कर्वे सतरा वर्षांचे असताना मुरुडहून सह्याद्री ओलांडून, शंभराहून अधिक मैल पायपीट करून परीक्षेसाठी साताऱ्याला गेले आणि वय लहान दिसते म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिले नाही. पुढे टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले, फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताची जागा रिकामी झाली आणि १८९१ मध्ये कर्वे तिथे रुजू झाले. त्याच वर्षी त्यांची पत्नी राधाबाई वारल्या. १८९३ मध्ये त्यांनी एका विधवेशी पुनर्विवाह केला, १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभे केले. आज ही साखळी वाचताना प्रत्येक कडी जणू आधीपासून ठरलेली होती, असे वाटते. मात्र दुसऱ्यांच्या भांडणातून रिकामी झालेली खुर्ची आणि घरातला मृत्यू यांना १८९१ मध्ये कोणताही अर्थ नव्हता. तो त्यांच्या पुढच्या पंचवीस वर्षांच्या कामाने आला. शिवाय चरित्र लिहिले गेले ते कर्व्यांचे. अशाच एखाद्या परीक्षेच्या दारातून परत गेलेल्या आणि पुढे कोणाला ठाऊक न झालेल्या मुलांचे कोणी लिहिले नाही. ‘जे होते ते भल्यासाठीच’ हे वाक्य म्हणूनच मला अर्धवट वाटते. ते ज्यांचे भले झाले तेच म्हणतात.

माझी स्वतःची गोष्टही याच सावधपणाने सांगावी लागेल. कारखान्यात सांडपाणी शुद्धीकरणाची, म्हणजे ईटीपीची ड्यूटी कोणालाच नको असे, आणि ती माझ्याकडे आली. पाण्याचा नमुना पोटॅशियम डायक्रोमेट आणि गंधकाम्लाबरोबर दीडशे अंशांवर दोन तास तापवायचा, थंड करायचा आणि मग ब्युरेटमधून थेंबथेंब द्रावण सोडत निळसर हिरवा रंग अचानक विटकरी होण्याची वाट पाहायची. एक थेंब जास्त पडला की आकडा चुकला. सोडल्या जाणाऱ्या पाण्याचा सीओडी, म्हणजे त्यातली घाण रसायनाने जाळायला किती ऑक्सिजन लागतो त्याचे माप, लिटरला २५० मिलिग्रॅमच्या आत राखायचा, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप. कारखाना बंद झाल्यावर याच कंटाळवाण्या कामाच्या ओळखीवर मला पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत नोकरी मिळाली आणि आजवरचे सगळे काम त्यातूनच वाढले. ही गोष्ट ‘ती ड्यूटी माझ्या नशिबात यासाठीच होती’ अशी सांगता येईल. पण माझ्याच पाळीत, माझ्याच ब्युरेटवर, माझ्यापेक्षा स्थिर हाताने तीच चाचणी करणारा माझा सहकारी होता. त्या प्रयोगशाळेतून फोन आला तेव्हा तो गावी होता. त्याने पुढे ऐरोलीत विज्ञानाच्या शिकवण्या सुरू केल्या आणि त्या उत्तम चालवल्या. आमच्या दोघांच्या आयुष्यांत फरक पाडणारी गोष्ट एक फोन होता. त्यानंतरची वर्षे मात्र ज्याने त्याने स्वतः भरली, आणि तो आपल्या शिकवण्यांबद्दल ज्या आपुलकीने बोलतो त्यावरून त्याचा अर्थ माझ्यापेक्षा उणा आहे, असे मला कधीच वाटले नाही.

म्हणून आपल्या घरच्यांशी वाद घालण्याची गरज नाही. त्यांचा संकेत मानला तरी आणि मित्रांचा योगायोग मानला तरी उद्या सकाळी करायचे काम तेच राहते. वडिलांच्या आजारपणातले महिने मात्र या यादीतून काढून टाका. ते अपयश नव्हते. आपण वडिलांपाशी होतात, आणि एखाद्या मुलाखतीत त्या काळाबद्दल विचारले तर एका वाक्यात तसेच सांगा. मुलाखत घेणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या घरी म्हातारे आईवडील असतात.

आणि जिथली निवड रद्द झाली त्यांना पुन्हा लिहा. गोठवलेली पदे अनेकदा १ एप्रिलला नवे आर्थिक वर्ष सुरू झाल्यावर पुन्हा उघडतात, आणि नव्याने जाहिरात देऊन मुलाखती घेण्यापेक्षा आधी निवडलेल्या माणसाला बोलावणे आमच्यासारख्यांना केव्हाही सोयीचे असते. निवड झाल्याची तारीख, पदाचे नाव आणि आपण अजून इच्छुक आहात एवढेच लिहा, आणि पत्र मनुष्यबळ विभागाबरोबरच ज्यांनी प्रत्यक्ष मुलाखत घेतली त्यांनाही पाठवा.