‘गादी सरकली’ म्हणू नकोस

रामबाग, इंदूर

प्रिय डॉक्टर,

(ही हाक नवीन आहे, सवय करून घे.)

कंबरदुखीचा प्रत्येक पेशंट एमआरआय मागतो, काय करू, असं विचारलंस. नुसती उसण भरली असेल तर लगेच लिहून देऊ नकोस. कंबर अजिबात न दुखणाऱ्यांच्या स्कॅनचा २०१५ साली एकत्र आढावा घेतला गेला. त्यात विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या चकत्या, म्हणजे गाद्या, झिजलेल्या दिसल्या, पन्नाशीतल्या ६० टक्के लोकांची चकती फुगलेली. म्हणजे फोटोत काहीतरी सापडणारच, आणि पेशंट तो कागद जन्मभर पिशवीत घेऊन फिरणार. त्यात तू ‘गादी सरकली’ म्हणालास की संपलंच. होळकरांच्या गावात, तेही सराफ्यातल्या शेटजींना, हे शब्द ऐकवायचे? माणूस वाकायचंच सोडतो.

त्याऐवजी विचार. ताप येतो का? वजन उतरलं का? रात्री पडल्या पडल्याही दुखतं का? आधी कधी कर्करोग, स्टेरॉइडच्या गोळ्या, पडझड? लघवी तुंबते का, सायकलच्या सीटला टेकतो तो भाग बधिर झालाय का? या शेवटच्या प्रश्नाला ‘हो’ आलं तर त्याच दिवशी एमआरआय आणि सर्जन, उद्यावर नको.

हे प्रश्न मी एकदा विचारले नव्हते. एक शिंपी महिनाभर येत होता. दिवसभर वाकून बसतो म्हणून दुखतंय, असं मीच ठरवून टाकलं आणि गोळ्या देत राहिलो. संध्याकाळी अंग कोमट होतं हे त्याची बायको सांगून गेली, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. मणक्याचा क्षय निघाला. आपल्याकडे हा विसरून चालत नाही.

मग तपास. पेशंटला उताणं झोपवून पाय सरळ उचल. कळ गुडघ्याखाली उतरली तर नस दबल्याचा संशय घे. पायाचा अंगठा जोर लावून वर ओढता येतो का, टाचांवर आणि चवड्यांवर चालता येतं का, तेही बघ.

बाकीच्यांना सांग: शेक घ्या, झेपेल तेवढं हिंडा-फिरा, खाटेला खिळू नका. अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने २०१७ साली हेच सांगितलं, औषधाआधी शेक आणि मालिश. लागलीच तर सूज-वेदनेची गोळी थोडे दिवस, पोट आणि किडनी विचारून. नुसत्या पॅरासिटामॉलवर विसंबू नकोस. २०१४ च्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत १,६५२ पेशंट होते. खरी गोळी घेणारे साधारण १७ दिवसांत बरे झाले, खोटी गोळी घेणारे १६. बारा आठवडे उलटूनही दुखत असेल तर व्यायाम, योगासनं, आणि घरात-कामात काय चाललंय याची चौकशी. पट्ट्याच्या दुकानदाराशी मात्र दोस्ती करू नकोस.

रविवारी ये. घोट्याचा रिफ्लेक्स तुला अजून नीट काढता येत नाही, माझ्याच पायावर शिकवतो. काकू पोहे करणारच आहे.

तुझा,
काका