अकरा वर्षे उभी असलेली राजदूत ३५० घेण्याआधी काय तपासावे?

आपण लिहिले आहे की सोलापुरातल्या एका वाड्यात अकरा वर्षे उभी असलेली १९८६ ची राजदूत ३५० मोटरसायकल दिवंगत मालकाचा पुतण्या विकतो आहे, टाकीला नवा रंग दिलेला आहे, इंजिन 'हाय टॉर्क' असल्याचे तो सांगतो, आणि पैसे देण्याआधी काय पाहावे हे आपल्याला हवे आहे. मी होटगी रोडला राहतो आणि गेली बारा वर्षे अशीच एक गाडी सांभाळतो आहे. माझ्या मते आधी कागद पाहावेत, मग क्रँक (पिस्टनच्या जोरावर फिरणारा इंजिनातला मुख्य दांडा), आणि रंगाकडे सर्वांत शेवटी लक्ष द्यावे, कारण रंग कोणीही देतो, क्रँक चांगला कारागीर दुरुस्त करतो, पण कागद बिघडलेले असतील तर ते कोणताही मिस्त्री दुरुस्त करू शकत नाही.

आपल्या बाबतीत कागदांचा पहिला प्रश्न विकणाऱ्याच्या हक्काचा आहे. पुतण्याच्या ताब्यात गाडी आहे म्हणून तो तिचा मालक ठरत नाही. मालकाच्या मृत्यूनंतर गाडी आधी कायदेशीर वारसाच्या नावावर चढवावी लागते, त्यासाठी फॉर्म ३१ आहे, आणि मुले किंवा पत्नी हयात असतील तर त्यांची लेखी संमती लागते. ते झाल्यावर फॉर्म २९ आणि ३० भरून गाडी आपल्या नावावर येईल. दुसरा प्रश्न मुदतीचा आहे. खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते, त्यानंतर दर पाच वर्षांनी फॉर्म २५ भरून, तपासणी करून आणि पर्यावरण कर भरून ती वाढवावी लागते; अकरा वर्षे उभ्या असलेल्या गाडीची मुदत बहुधा संपलेली असणार. पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या गाड्यांसाठी २०२१ पासून 'व्हीए' मालिकेत व्हिंटेज नोंदणी होते, पण १९८६ च्या गाडीला ती २०३६ मध्येच मिळेल, म्हणून कोणी त्या सवलतीचे आमिष दाखवले तर विश्वास ठेवू नये. जुने पुस्तकी आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) असेल तर सरकारच्या 'वाहन' या ऑनलाइन प्रणालीत तो क्रमांक दिसतो का, हे मोबाइलवर आधी पाहून घ्या.

चेसिस क्रमांक हँडलखालच्या मानेवर ठोकलेला असतो. त्यावर पांढरा कागद ठेवून पेन्सिल घासा आणि उमटलेला प्रत्येक अंक आरसीशी जुळवा. इंजिनाचा क्रमांकही तसाच जुळवा, कारण या गाड्यांची इंजिने मागे सर्रास बदलली गेली आणि बदलाची नोंद क्वचितच झाली. माझ्या गाडीच्या आरसीवर चेसिसमधल्या ३ च्या जागी ८ लिहिला गेला होता. खरेदीच्या वेळी ते माझ्या लक्षात आले नाही, आणि ती नोंद सुधारून मिळेपर्यंत चौदा महिने गाडी दारात उभी राहिली.

'हाय टॉर्क'विषयी थोडक्यात सांगतो. यामाहाच्या आरडी ३५० चे हे भारतीय रूप एस्कॉर्ट्सने १९८३ मध्ये बाजारात आणले. सुरुवातीच्या, म्हणजे 'हाय टॉर्क' गाड्यांची ताकद ३०.५ बीएचपी होती, पुढे मायलेजसाठी ती २७ वर आणली गेली, आणि १९८६ ची गाडी बहुधा या दुसऱ्या प्रकारातली असेल. त्या शब्दासाठी जास्त पैसे देऊ नका. चालवायला दोन्ही सुरेख आहेत.

आता इंजिन. ३४७ सीसीचे, दोन सिलिंडरचे हे टू-स्ट्रोक इंजिन आहे, आणि टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचे मिश्रण क्रँककेसमधूनच वर जाते, त्यामुळे क्रँकच्या दोन्ही टोकांची ऑइल सील (हवा आणि तेल रोखणाऱ्या रबरी कड्या) हवाबंद असणे हा त्याचा प्राण आहे. इतकी वर्षे उभ्या राहिलेल्या गाडीत ही रबरी सील कडक होतात आणि बेअरिंगवर गंज चढतो. म्हणून आपल्यासमोर कोणालाही एकदम किक मारू देऊ नका. आधी दोन्ही प्लग काढून आत थोडे टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचे) ऑइल सोडावे, रात्रभर थांबावे, आणि मग इंजिन हाताने हळूहळू फिरवून पाहावे.

डावीकडचे कव्हर काढून क्रँकच्या टोकावरचा रोटर धरा आणि वर-खाली हलवा; हाताला खेळ जाणवला तर क्रँक उघडावाच लागेल. इंजिन सुरू झाल्यावर पहिली काही मिनिटे धूर येणारच, त्याची चिंता करू नये. मात्र पंधरा मिनिटांनंतरही उजव्या सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर येत राहिला आणि गिअर ऑइल कमी होत असेल, तर क्लचकडचे सील गेले आहे. डावे सील गेले की धूर येत नाही. बाहेरची हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होते (हवा जास्त, पेट्रोल कमी), अ‍ॅक्सिलरेटर सोडला तरी इंजिनाचा वेग लवकर उतरत नाही, प्लग पांढरा पडतो, आणि सोलापूरच्या मे महिन्यात अशी गाडी रस्त्यावर सीज होते, म्हणजे पिस्टन तापून अडकतो. विकणारा तयार असेल तर हेड (सिलिंडरचे वरचे झाकण) उघडून पाहा, नव्या गॅस्केटचा खर्च आपण द्या. मूळ बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ६४ मिलिमीटरचा आहे, पिस्टनच्या माथ्यावर ०.२५, ०.५० असा वाढीव आकार कोरलेला असतो, आणि तो १.०० वर पोहोचलेला असेल तर पुढच्या वेळी सिलिंडरमध्ये स्लीव्ह (नवी आतली नळी) घालण्याची तयारी ठेवावी लागेल.

ऑटोल्यूब पंप (इंजिनाला आपोआप ऑइल पुरवणारा) जोडलेला आहे का, हे आवर्जून विचारा. अनेकांनी तो काढून पेट्रोलमध्येच ऑइल मिसळण्याची सोय केली. त्यात तोटा असा की तुळजापूरच्या घाटातून अ‍ॅक्सिलरेटर बंद ठेवून उतरताना इंजिन वेगाने फिरत असते, पण पेट्रोलबरोबर येणारे ऑइल जवळजवळ थांबलेले असते. पंप मात्र इंजिनाच्या फिरण्याबरोबर ऑइल देत राहतो. मी माझ्या गाडीला पंप परत बसवून घेतला.

बाकी, सहाही गिअर जोर पडल्यावर सुटत नाहीत ना, चार्जिंग चौदा व्होल्टच्या आसपास आहे ना आणि टाकीच्या आत गंज किती आहे, हे पाहा. ब्रेक पुढे-मागे ड्रमचेच आहेत आणि या वेगाच्या मानाने अपुरे आहेत, त्यामुळे ड्रम लंबगोल झालेला चालणार नाही. नोंदणी आणि विमा चालू नसेल तर चाचणी वाड्याच्या आवारातच घ्या, रस्त्यावर नाही, आणि क्रँकच्या पूर्ण कामाचा खर्च किमतीतून आधीच वजा करून बोला. वारसांची संमती कागदावर येईपर्यंत इसारसुद्धा देऊ नका.