उरलेले तेवीस तास पंचावन्न मिनिटं

भावा, तुझा निरोप दोनदा वाचला. वय सव्वीस, कोल्हापूरच्या उद्यमनगरात मामाच्या फौंड्रीचे हिशेब बघतोस, शनिवार-रविवार पुण्याला जाऊन मराठीत स्टँडअप करतोस, लंडनच्या एका विद्यापीठात वर्षभराच्या एमएस्सीला प्रवेश मिळालाय. बेत असा की दिवसा कॉलेज, रात्री कॉमेडी. आणि खाली विचारलंयस, "दादा, लंडनात कॉमेडी करताना तुमचा दिवस असतो कसा? मला जमंल का?"

जमेल का ते मी कसं सांगू, तुझा एकही जोक मी ऐकलेला नाही. दिवस मात्र सांगतो.

त्याआधी कागदाचं बोलू, कारण तुझ्या बेताला तिथंच भोक पडलंय. विद्यार्थी व्हिसावर टर्म चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येतं, पण स्वतःचा धंदा करायला मनाई आहे आणि 'एंटरटेनर' म्हणून काम करायलाही मनाई आहे. म्हणजे आपण नेमके जे आहोत तेच. एखाद्या पबवाल्यानं खुशीनं वीस पाउंड हातावर टेकवले तरी अट मोडली. फुकटच्या पाच मिनिटांबद्दल पोरं छातीठोक सांगतील, "काय होत नाही रे." त्यांचं ऐकू नकोस. विद्यापीठात व्हिसाचा सल्ला देणारा कक्ष असतो, त्यांना लेखी विचार आणि उत्तर जपून ठेव. डिग्री झाली की ग्रॅज्युएट व्हिसा मिळतो, त्यावर स्वतःचा धंदा चालतो. ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत अर्ज केला तर २ वर्षं, त्यानंतर केला तर १८ महिने. तू ज्यासाठी येतोयस ते पहिल्या वर्षात सुरूच होणार नाही, हे मामाला आणि स्वतःला आत्ताच सांगून टाक. आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पाउंड, तो व्हिसाच्या अर्जासोबतच भरायचा. तोही हिशेबात धर, हिशेबनीस आहेस.

मी सुटलो ते बायकोच्या पुण्याईनं. ती नर्स, तिला इथल्या सरकारी इस्पितळात नोकरी लागली, मी तिच्यावर अवलंबून म्हणून आलो. अवलंबून जोडीदाराला धंदा करता येतो. पासपोर्टात कुठं लिहिलेलं नाही, पण सासऱ्यांनी 'अवलंबून' हा शब्द कायमचा लक्षात ठेवलाय.

आता दिवस. पहाटे चारला उठतो. पाच ते अकरा एका सुपरमार्केटात फळ्या भरतो. अकराला घरी येऊन झोपतो, तीनला उठून पोराला शाळेतून आणतो, पाचला बायको आली की पोरगं तिच्या हवाली आणि मी स्टेशनकडं. आठला शो, माझी पाच किंवा दहा मिनिटं. मग बारा-साडेबाराला नाइट बस. शोच्या रात्री झोप तीन तासही होत नाही, म्हणून आठवड्याला चारच्या वर शो घेत नाही. हिवाळ्यात इथं रात्रीचा एक वाजलेला असतो तेव्हा तिकडं सकाळचे साडेसहा. आई चहा ठेवत असते. बसच्या वरच्या मजल्यावरून फोन लावतो. तिचा पहिला प्रश्न "जेवलास?" आणि दुसरा "हसली का?" हसली म्हटलं की ती विचारते, "कशाला?" हा तिसरा प्रश्न अजून कुठल्याही समीक्षकानं मला विचारलेला नाही.

स्टेजवरच्या पाच मिनिटांबद्दल तुला यूट्यूबवर सगळं मिळेल. येऊन राहायचंय ते उरलेल्या वेळात, आणि तो वेळ बघ्यासारखा काढता आला तरच इथं निभाव लागतो. मी म्हणजे बिनकामाच्या चौकश्यांचा माणूस. गंगावेशीत दूध प्यायला उभा राहिलो तरी म्हैस कुणाची, गवळी कुठला, इथंवर जायचो. इथंही तेच. पाय माझा त्यांच्या पायावर पडतो आणि 'सॉरी' ते का म्हणतात? 'नॉट बॅड' म्हणजे झकास, आणि 'इंटरेस्टिंग' म्हणजे गप बस, हे यांना शाळेत शिकवतात का? संध्याकाळी सुपरमार्केटात शिळ्या होत चाललेल्या मालावर पिवळी चिठ्ठी लागते तेव्हा आजी-आजोबा पोरगा चिठ्ठी चिकटवेपर्यंत मागं हात बांधून, आपल्याला काही नकोच असं दाखवत उभे राहतात, ते रोज तेच असतात का? (तेच असतात. मी बघितलंय.) मध्येच कळलं की या देशात नाटकाची संहिता १९६८ सालापर्यंत राजदरबारातला एक अधिकारी तपासायचा. आपल्याकडं परिनिरीक्षण मंडळ अजून आहे म्हणून आपण कुरकुरतो, तर म्हटलं मूळ पुरुष इथं सापडला.

यातल्या शंभर चौकश्यांतून एक जोक होतो. तो कसा होतो ते एक दाखवतो.

इथं बागेत लाकडी बाकं असतात, पाठीला छोटी पितळी पट्टी. त्यावर मेलेल्या माणसाचं नाव आणि खाली 'हिला हे दृश्य फार आवडायचं' अशा धाटणीचं एक वाक्य. पहिल्या महिन्यात एका बाकावर बसून वडापाव समजून घेतलेलं काहीतरी खात होतो, आणि रंकाळ्याची आठवण झाली. आपल्याकडंही बाकावर नाव असतंच की. नगरसेवकाचं. जिवंत. बाकापेक्षा मोठ्या अक्षरात. तिथल्या तिथं मनात मराठी जोक तयार झाला: "आमच्याकडं बाकावर नगरसेवकाचं नाव, पण बाक कुणाच्या स्मरणार्थ? कै. निधी." हे मी मिरजकर तिकटीला म्हटलं असतं तर चहावाल्यानं पैसे घेतले नसते.

इंग्रजीत तो सात वेळा मेला. पहिल्यांदा नगरसेवक म्हणजे काय ते समजावण्यात अर्धं मिनिट गेलं. दुसऱ्यांदा "त्यानं पैसे खाल्ले" असं शब्दाला शब्द ठेवून म्हणालो, तर समोरची बाई खरंच काळजीत पडली. पैसे खाणं ही आपली क्रिया आहे, यांची नाही. 'कै.' तर या भाषेत बसवायलाच जागा नाही. पण खरी गोम वेगळीच होती आणि ती कळायला मला वर्ष लागलं. आपलं क्रियापद शेवटी येतं. "नगरसेवकानं निधी खाल्ला" यात हशा 'निधी'वर फुटतो आणि 'खाल्ला' त्या हशावर पाय देतो. म्हणून आपले जुने सोंगाडे वाक्य उलटं टाकायचे: "खाल्ला की, निधी!" इंग्रजीत शेवटचा शब्द नामाला मोकळा असतो. पण माझ्या डोक्यातली मराठी तिथं उगाच एक शेपूट लावायची, 'यू नो', 'अँड ऑल', काहीतरी. रेकॉर्डिंग ऐकताना कळलं की प्रत्येक हशा मीच तुडवतोय. शेपूट छाटलं. नगरसेवकाचा 'पॉलिटिशियन' झाला, स्मरणार्थ राहिलं ते 'बजेट', आणि 'बजेट' हा शेवटचा शब्द. त्यानंतर गप उभं राहायचं. आता तो जोक बावीस सेकंदांचा आहे आणि दहातल्या आठ रात्री चालतो. तर पुण्यातला प्रत्येक शो फोनवर रेकॉर्ड कर आणि ऐक. स्वतःचा आवाज ऐकवत नाही, तरी ऐक.

प्रेक्षकांचं सांगायचं तर आपल्या गणपती मंडळापुढं माणूस उत्तर देतो. तू "काय मंडळी" म्हणालास की पहिल्या रांगेतून "बोला की" येतं, त्यावर बतावणीसारखी जुगलबंदी रंगते. इथं ग्लास हातात धरून माणसं सभ्यपणे थांबून राहतात. उत्तर देणारा भेटलाच तर तो बहुतेक प्यालेला असतो. ती शांतता म्हणजे राग, असं मी सहा महिने समजत होतो. नसतो राग. बुटकं छत, खुर्च्या चिकटून, अंधार आणि थोडी थंडी अशी खोली मिळाली तर तीच माणसं खिदळतात. दिवे लावलेल्या ऐसपैस हॉलात कुणीच हसत नाही. आता मी खोलीत शिरलो की आधी छताकडं बघतो.

सुरुवात ओपन स्पॉटनं होते, पाच मिनिटं, फुकट. काही ठिकाणी सोबत एक मित्र आणायची अट असते. तुला इथं मित्र नसणार, तेव्हा ती ठिकाणं वगळ. पबच्या वरच्या मजल्यावर सात प्रेक्षक, त्यातले पाच आपली पाळी यायची वाट बघणारे कॉमेडियन, हे नेहमीचंच. ही आपली तालीम समज, जोर-बैठका बघायला कुणी तिकीट काढत नाही. खासबागेच्या आखाड्याची हौस असेल तर गाँगची रात्र कर. कॉमेडी स्टोअर नावाचा क्लब १९७९ साली लंडनच्या सोहो भागात एका स्ट्रिप क्लबच्या वर सुरू झाला, तिथं अशी रात्र असते. प्रेक्षकांतल्या तिघांच्या हातात कार्डं, तिन्ही वर गेली की गाँग आणि तुझी पाठ मातीला. पाच मिनिटं टिकलास तर जिंकलास. मी एक मिनिट पन्नास सेकंदांत चितपट झालो, आणि त्यातली वीस सेकंदं माझं नाव समजून घेण्यात गेली होती.

पैसे: पहिल्या वर्षी मी १४० वेळा स्टेजवर चढलो, पैसे चारदा मिळाले. वर्षाला १,००० पाउंडांपर्यंतच्या धंद्याच्या कमाईची इथल्या कर खात्याकडं नोंद लागत नाही. पहिली दोन वर्षं मला ती मर्यादा लांबून हात करत होती. एका पबवाल्यानं ठरलेले तीस पाउंड 'पुढच्या आठवड्यात' देतो म्हणून सांगितलं, तो आठवडा अजून आलेला नाही. लांबच्या शोला चार कॉमेडियन एका गाडीत जातात, गाडीवाल्याला पेट्रोलचे पैसे देतात. त्या गाडीतल्या गप्पा स्टेजवरच्या जोकपेक्षा नेहमीच सरस. ऑर्केस्ट्राच्या टेंपोतून सांगलीला गेलेला असशील तर तुला वेगळं सांगायला नको. फक्त इथं मध्येच उतरून मिसळ खाता येत नाही.

ऑगस्टात सगळे एडिंबराला जातात. १९४७ साली आठ नाटकमंडळ्या बोलावणं नसताना तिथल्या महोत्सवाला गेल्या, त्यातून फ्रिंज नावाचा बाजूचा महोत्सव उभा राहिला. मला ही गोष्ट फार आवडते. आगंतुक जाण्यात आपण कोल्हापूरकर कमी नाही. २०२४ ला मी एका पबच्या तळघरात फुकटचा शो करत होतो, शेवटी दारात बादली धरायची, लोक टाकतील ते आपलं. दिवसभर रॉयल माइल या रस्त्यावर पत्रकं वाटायची. ८ ऑगस्टच्या संध्याकाळी पत्रकं वाटतानाच फोनवर व्हिडिओ आला: केशवराव भोसले नाट्यगृह जळतंय. शाहू महाराजांनी १९१५ साली उभं केलेलं पॅलेस थिएटर, ज्याच्या रंगमंचावर मी कॉलेजच्या एकांकिकेत हवालदार झालो होतो, दोन वाक्यांचा. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. मी पत्रकांचा गठ्ठा घेऊन फूटपाथवर उभा. एक बाई म्हणाली, "इज इट फनी, युअर शो?" मी हो म्हणालो. रात्री अकरा माणसं आली आणि मी हवालदाराची ती दोन वाक्यं मराठीतच म्हणून टाकली. कुणाला काही कळलं नाही. टाळी पडली.

मराठी शो हवेत का, असं तू विचारलंयस. हवेत. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचं आहे, गणपती-दिवाळीला माणसं जमतात आणि हसायला उत्सुक असतात. पण फक्त तिथंच रमलास तर पुणं काय वाईट होतं? आणि तुझं कोल्हापुरी घासून गुळगुळीत करू नकोस. माझे इंग्रजी उच्चार सुधारले तेव्हा हशे कमी झाले, मग मी पुन्हा बिघडवले.

सामानात जाड बूट, थर्मल, दोन छोट्या वह्या आणि घरची कांदा-लसूण चटणी, नीट पॅक करून. डिसेंबरात चारच्या आतच सूर्य मावळतो. पहिला हिवाळा जड जातो, तेव्हा मला फोन कर, मी बहुधा बसमध्ये असेन.

ई-व्हिसा आला की त्यातल्या अटींचा स्क्रीनशॉट पाठव. आणि तुझ्या पुण्यातल्या पाच मिनिटांचं रेकॉर्डिंगही, मागचं कापाकापी न करता, लोक गप्प बसलेत त्या जागांसकट.